पान ८८ ते १३१

हिंगणी
१२ जानेवारी २०२५

आदरणीय छायाताईंना सप्रेम नमस्कार,

या पंधरवड्यात माझ्या घरी दोन ड्रॅगन, एक शापित राजघराणं आणि आरशातून ये-जा करणारी चौदा वर्षांची मुलगी एवढी मंडळी मुक्कामाला होती. सगळ्यांचा पाहुणचार करून झाला. परीक्षणं सोबत पाठवते आहे. ड्रॅगनवाल्या कादंबरीवर मी जरा कडक लिहिलंय, पण लेखकाने तीनशे पानं उडवून शेवटी त्या बिचाऱ्या ड्रॅगनला सर्दी करून मारलं, तर मी तरी काय करणार?

तुमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची 'वाचण्याआधी'ची चिठ्ठी वेगळी लिहिली आहे. कोणत्या पानावर काय दुखू शकतं एवढंच त्यात आहे, गोष्ट कुठेही फोडलेली नाही. वाचनघरातल्या मुलींना सगळ्यात जास्त 'काजळवनाचा पहारेकरी' आवडेल. त्याची चिठ्ठी अशी: 'पान २३ : साप, बरेच. पान ४० : घोडा मरतो. बाकी काही नाही.' मिहिका आणि इंद्रसेन ही जोडी मला इतकी आवडली की मधली पन्नास पानं मी दोनदा वाचली.

तुम्ही विचारलं होतं, फोन का लागत नाही. दिवाळीत तो बादलीत पडला. अंकुश म्हणतात, वर्ध्याला दुरुस्तीला दिलाय, भाग मिळत नाहीये. घरात त्यांचा एक फोन आहेच. तुम्हाला पत्र लिहिण्यात मजा येते, ती वेगळीच. थैली कवडूकाकांच्या दुधाच्या गाडीवर देते आहे, नेहमीसारखी.

वाचायला मात्र भरपूर वेळ मिळतो. आमचं घर गावाबाहेर, शेताच्या कडेला. नोव्हेंबरात वाघाने कवडूकाकांची कालवड नेली. अंकुश पर्यटकांची जिप्सी घेऊन रोज जंगलात जातात, त्यामुळे वाघाबद्दल ते बोलले की गावात कुणी उलट बोलत नाही. पहाटे निघताना दाराला बाहेरून कुलूप लावतात, दुपारी जेवायला येतात तेव्हा उघडतात, अडीचला पुन्हा लावतात. लग्नाला दीड वर्ष झालं, माझ्याशी एकदाही वरच्या पट्टीत बोलले नाहीत.

एक एप्रिलपासून मुलींच्या वाचन-तासासाठी मला वाचनघरात घ्यायचं तुमच्या मनात आहे, हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. अंकुशना विचारलं. 'पाहू' म्हणाले. 'पाहू' म्हणजे नाही नव्हे, हो ना?

पुस्तकं सहाची सहा थैलीत नीट परत ठेवली आहेत, काळजी नसावी. एका हरवलेल्या पुस्तकासाठी तुम्ही नवरीच्या रुखवतापर्यंत पोहोचला होतात, ही गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली आहे.

तुमची,
रूपाली


सेवाग्राम
३१ जानेवारी २०२५

प्रिय रूपाली,

अनेक आशीर्वाद. ड्रॅगनच्या सर्दीवर मी मोठ्याने हसले आणि वाचनघरात 'शांतता राखा' ही पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली होती. परीक्षणं फार चांगली आहेत. आता रागवायचं ते रागवते.

आचल ही नववीतली मुलगी. दोन दिवसांत एक पुस्तक संपवते. 'काजळवन' तिने चिठ्ठी वाचून नेलं. तिसऱ्या दिवशी आली, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, उलटं. म्हणाली, "घोड्याचं लिहिलं, मिहिकाचं काऊन नाई लिहिलं?" मग बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिच्या घरी दोन वर्षांपूर्वी काय झालं ते मी तुला सांगणार नाही. तिच्यासारख्या मुलींना कुणाला काही सांगावं लागू नये म्हणून तर आपण चिठ्ठ्या सुरू केल्या.

मी रात्रीतून पुस्तक वाचून काढलं. पान ८८ ला इंद्रसेन मिहिकाला बुरुजात ठेवतो, कुलूप लावतो. पान १३१ पर्यंत ती आतच आहे. तेहतीस दिवस, बाई! आणि तुझी चिठ्ठी म्हणते, बाकी काही नाही. दोनदा वाचलीस ना ही पानं? तुझ्याकडून अशी चूक पहिल्यांदा झाली, म्हणून पाच नव्या पुस्तकांसोबत हेही परत पाठवते आहे. घाईत राहून गेलं असणार. शांतपणे पुन्हा वाच आणि नवी चिठ्ठी लिही.

एप्रिलचं नक्की कळव. अध्यक्ष तानाबाई रोज विचारतात. त्यांच्या विचारण्यात आणि ओरडण्यात फरक नसतो, हे तुला माहीत आहे.

तुझी,
छायाताई


हिंगणी
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय छायाताईंना नमस्कार,

पुस्तक पुन्हा वाचलं. चिठ्ठी बदललेली नाही. घाईत काही राहिलेलं नव्हतं.

तुम्ही रागवाल, पण मला पटलं नाही ते पटलं नाही. बुरुजाबाहेर करालू राक्षस फिरतो आहे. त्याने दोन गावं उजाड केली आहेत. इंद्रसेन मिहिकाला आत ठेवतो ते तिच्या जिवासाठी. रोज स्वतः जेवण घेऊन येतो, तिचे केस विंचरतो, बाहेर काय चाललंय ते सांगतो. याला कोंडणं म्हणायचं? मग आई लेकराला चुलीजवळ जाऊ देत नाही, तिथेही चिठ्ठी लावा. खरं सांगते, ती पानं वाचताना मला सुरक्षित वाटलं. म्हणून तर दोनदा वाचली.

आचल लहान आहे. जे तिने सोसलं असेल, ते तिला सगळीकडे दिसत असेल. तिला माझ्या वतीने दोन संत्री द्या.

बाकी इकडे ठीक. तळेगावला मामेबहिणीचं लग्न झालं, मला जायला जमलं नाही. जंगलात गर्दीचे दिवस आहेत आणि मी एकटी एसटीने जाणं अंकुशना बरं वाटत नाही. आई त्यांच्या फोनवर बोलते. मी बहुतेक झोपलेली असते म्हणे तेव्हा. दुपारची झोप मला कधीपासून लागली कोण जाणे. आईला जावई फार आवडतो. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही त्यांनी जाळी बसवून घेतली, फक्त खाली थैली जाईल एवढी फट आहे. कवडूकाका तिथूनच दूध देतात.

एप्रिलचं अजून 'पाहू'वरच आहे.

तुमची,
रूपाली


सेवाग्राम
२० फेब्रुवारी २०२५

रूपालीताई, नमस्कार.

मी आचल, नववी ब. संत्री मिळाली. तुम्ही लहान म्हटलं ते छायाताईंनी मला सांगितलं नव्हतं, मी थैलीतून पत्र काढून देताना वाचलं. त्याच्यासाठी सॉरी. छायाताई म्हणाल्या, भांडू नको, प्रश्न विचार. म्हणून एकच प्रश्न विचारते.

पान ९२ वर करालूचं वर्णन आहे. त्याला चार पंजे आहेत. बोटं नाहीत. पान ९५ वर तो गोठ्याची कडी काढू शकत नाही म्हणून नुसता दारावर धडका मारतो आणि निघून जातो. म्हणजे मिहिकाने आतून कडी लावली असती तरी तो आत आला नसता.

मग इंद्रसेनने कुलूप बाहेरून काऊन लावलं?

मी १३१ पानावर थांबली. पुढचं वाचलं नाही. पुढे त्याचं उत्तर असेल तर सांगा.

आचल

ता. क. परीक्षणं मला आवडतात. ड्रॅगनची सर्दी आवडली.


हिंगणी
३ मार्च २०२५

छायाताई,

आचलचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. एवढीशी पोर पंजे मोजते म्हणून. उत्तर लिहायला बसले. बाहेरून कुलूप लावायचं एखादं साधं कारण पुस्तकात असणारच, म्हणून ती पानं चौथ्यांदा वाचली. कारण सापडलं नाही. मग मी मान वर करून आमच्या दाराकडे पाहिलं.

आमच्या दाराला आतून कडी नाही, छायाताई. दिवाळीच्या रंगकामात काढली होती. रंग वाळला की बसवतो, असं अंकुश म्हणाले होते. रात्री ते आतून साखळी घालून कुलूप लावतात, किल्ली खिशात ठेवतात, त्यामुळे कडीची आठवणही राहिली नव्हती. मी जवळ जाऊन हात फिरवून पाहिलं. स्क्रूची चारही भोकं पुट्टीने बुजवून, घासून, वर रंग दिलेला आहे. कडी परत बसवायची असती तर भोकं कुणी बुजवली असती?

त्या दुपारी जेवायला वाढताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाघाले कडी तं काढता येत नाई. आतून एक कडी बसवून घेऊ ना. मी लावून घेत जाईन."

ते हसले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"वाघाचं भेव नाई मले, रुपा," म्हणाले. "तू दार उघडशीन, याचं भेव हाय."

इतक्या मायेने म्हणाले की मी पुढची पोळी वाढली. त्यांनी ती खाल्ली, हात धुतले, कुलूप लावून गेले. मग मी तिथेच ताटाजवळ बसून राहिले. दीड वर्षात मी वाघाला जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्या दुपारी घाबरले. आणि कशाला, ते मला धड सांगताही येत नाही, कारण झालं तर काहीच नाही. मारलं नाही, शिवी दिली नाही. आईला सांगायला गेले तर ती म्हणेल, असा नवरा शोधून सापडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून उंच भिंतींच्या परसात उघडणाऱ्या मागच्या दारालाही कुलूप आहे. नोकरीचं विचारलं तर म्हणाले, "आता काय कराची नोकरी?" 'पाहू' संपलं.

छायाताई, मला इथून बाहेर यायचं आहे. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहायचं ते मला येत नाही. हे पत्र कवडूकाकांच्या हातात नीट पडो.

रूपाली


हिंगणी
११ मार्च २०२५

आदरणीय छाया मॅडम यांस,

नमस्कार. आपलं ७ तारखेचं पत्र मिळालं. ते रूपालीच्या नावाचं होतं, पण आम्हा दोघांत वेगळं असं काही नाही, म्हणून मी वाचलं. 'तू फक्त हो म्हण, मी न्यायला येते' असं आपण लिहिलं आहे. तिला न्यायला यावं असं काय घडलं, ते मला कळलं नाही. आपल्याबद्दल मला आदर आहे, म्हणून राग मानत नाही.

रूपालीची तब्येत अलीकडे बरी नसते. ती दिवसभर राक्षसांची आणि बुरुजांची पुस्तकं वाचते, त्याचा मनावर परिणाम होतो. आपणच अशा पुस्तकांवर सूचनेच्या चिठ्ठ्या लावता, म्हणजे आपल्यालाही हे माहीत आहे. जी पुस्तकं लहान मुलींना त्रास देतात ती माझ्या बायकोला देणार नाहीत कशावरून? तेव्हा सगळी पुस्तकं परत पाठवत आहे. यापुढे पाठवू नयेत. कवडूकाकांनाही तसं सांगितलं आहे.

घरापाशी वाघाचा वावर आहे, त्यामुळे मी थोडी जास्त काळजी घेतो. काळजी घेणं चूक असेल तर ती चूक मी करतो.

आपण वाचनघरातल्या मुलींना घेऊन कधी जंगल पाहायला यावं. मी स्वतः फिरवून आणीन. रूपालीलाही बरं वाटेल.

आपला नम्र,
अंकुश


सेवाग्राम
१५ मार्च २०२५

श्री. अंकुश यांस,

नमस्कार. पत्र आणि थैली पोहोचली. थैलीत पुस्तकं पाच निघाली. रूपालीच्या नावावर सहा आहेत. 'काजळवनाचा पहारेकरी' आलेलं नाही.

आमची वार्षिक गणती मार्चअखेरीस असते. नावावर पुस्तक बाकी असेल तर वाचकाने ते स्वतः आणून नोंदवहीत सही करायची, असा नियम मीच वीस वर्षांपूर्वी केला आणि आजवर कुणासाठी मोडला नाही. रूपालीची तब्येत बरी नाही हे आपण लिहिलंत, तेव्हा तिला बसने यावं लागू नये म्हणून मीच गाडी घेऊन येते. सही झाली की पुढचं तिने ठरवावं.

२२ मार्चला येते. सोबत अध्यक्ष तानाबाई आणि समितीच्या तिघी असतील. तानाबाईंनी तुमच्या सरपंचबाईंना फोन करून ठेवला आहे, त्याही येतो म्हणाल्या. तुमची सकाळची फेरी संपेपर्यंत आम्ही ओसरीवर बसून राहू. आम्हाला काही घाई नाही. सतरंजी आणि डबा आणतो आहोत.

जंगलाच्या निमंत्रणाबद्दल आभार. मुलींना विचारते.

छाया


सेवाग्राम
१२ एप्रिल २०२५

प्रिय आचल,

परीक्षा संपवून तू मावशीकडे गेलीस, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पन्नास दिवस लागले, त्याबद्दल माफ कर. तुला लहान म्हटलं त्याबद्दलही.

त्या दिवशी काय झालं ते छायाताई तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. सहावं पुस्तक हरवलेलं नव्हतं. अंकुश थैली भरत होते तेव्हा ते मी ज्वारीच्या डब्यात खाली दाबून ठेवलं होतं. मला एवढंच माहीत होतं की छायाताई पुस्तक सोडत नाहीत. माणसासाठी कुणी येईल की नाही याची खात्री नव्हती, पुस्तकासाठी मात्र त्या नक्की येणार होत्या.

सकाळी आठपासून त्या ओसरीवर बसल्या होत्या, सहाजणी. मी आत, त्या बाहेर, मध्ये कुलूप. तानाबाई दाराबाहेरून मोठमोठ्याने मला भाजीची कृती विचारत होत्या, गप्प बसायला नको म्हणून. साडेअकराला अंकुश आले. सगळ्यांना हात जोडले, चहाचं विचारलं, हसून कुलूप काढलं. एवढ्या बायकांसमोर ते दुसरं काही करणार नव्हते. मी ज्वारी झटकून पुस्तक काढलं, चप्पल घातली आणि गाडीत बसले. सही करायला. "संध्याकाळी न्यायले येतो," ते म्हणाले. आलेही. मी गेले नाही.

आता तुला वाटेल, झालं, सुटली. मलाही तसंच वाटलं होतं. पण आठवड्यातून एकदा जंगल बंद असतं, त्या दिवशी अंकुश येतात. वाचनघराच्या फाटकापाशी उभे राहतात, रागवत नाहीत. माझ्यासाठी बोरं आणतात. म्हणतात, घर खायला उठतं. आईही फोनवर रडते आणि मलाच समजावते. परवा मी चप्पल पायात घातली होती, आचल. फाटकाच्या दिशेने चार पावलं गेलेही होते. मग तुझा करालू आठवला, त्याचे बिनबोटांचे पंजे आठवले, आणि मी पायरीवर बसून राहिले. तू बसली होतीस ना, तिथेच.

मुलींचा वाचन-तास मी घेते आहे. शिकवायला येतं, पण खोलीबाहेर जाताना अजून पाय अडतो. काल कमलाबाई झाडत होत्या. मी त्यांना विचारलं, मी जरा बाहेर जाऊ का? त्यांनी झाडू थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले काय विचारतं बाई, दार उघडंच हाय." दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ते दार आतून लावलं. कडी जुनी आहे, जरा जोर लागतो. मग उघडलं. मग पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हिला झालंय काय. मला खूप रडू आलं.

पान १३१ नंतर काय होतं ते सांगणार नाही, नियम आहे. वाचायचं की नाही ते तू ठरव. सोबत पुस्तक पाठवते आहे. आतल्या बाजूला जुनी चिठ्ठी खरवडून नवी चिकटवली आहे. ती लांब झाली म्हणून छायाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण शेवटच्या ओळी खोडल्या नाहीत.

तुझी,
रूपाली

वाचण्याआधी
पान २३ : साप, बरेच.
पान ४० : घोडा मरतो.
पान ८८ ते १३१ : मुलीला कोंडून ठेवलं आहे. कुलूप बाहेरून आहे. कोंडणारा मायेने बोलतो, त्यामुळे वाचताना लवकर लक्षात येत नाही. परीक्षण लिहिणारीच्याही हे तीन वेळा वाचून लक्षात आलं नव्हतं.